दडीची शीळ

दडी आपण डोळ्यांनी पाहिली असं पळसवाडीत कुणी म्हणालं तर लोक त्याला थापाड्या म्हणत, आणि आपण ती ऐकलीच नाही असं कुणी म्हणालं तर बहिरा. चिमणीहून लहान, वाळल्या पाणकणसाच्या रंगाचा हा पक्षी धरणाच्या फुगवट्यातल्या गचपणात राहायचा. पुस्तकात त्याला वटवट्यांच्या कुळात घातलं होतं आणि ते योग्यच होतं, कारण चैत्र लागला की नर जे तोंड उघडायचा ते आषाढापर्यंत मिटायचा नाही. पण हातभर अंतरावर गात असला तरी दिसेल तर शपथ. भोई लोकांनी नाव ठेवलं, दडी. नरालाही दडीच.

या पळसवाडीच्या पाण्यावर नाव घेऊन हाक मारायची नाही अशी रीत होती. जुनी पळसवाडी धरणाखाली गेली होती, देवळासकट, चावडीसकट. वरून होडी चालली असताना कुणाच्या नावानं हाक मारली आणि खालून कुणी ओ दिली तर काय करायचं, ही धास्ती पहिल्या पिढीला होती. पुढच्यांची धास्ती गेली, सवय राहिली. शिवाय दीड पुरुष उंच पाणकणसांत माणूस दिसत नाही, त्यामुळे घराघराची एकेक शीळ ठरलेली होती. पाण्यावरच्यानं विचारायचं आणि काठावरच्यानं ओ द्यायची, तीही होडी काठाला टेकेपर्यंत. पाण्यावरची शीळ बारीक होत चालली तर माणूस वाट चुकून लांब चाललाय असं धरायचं आणि काठावरच्यानं आणखी जोरात घालायची. तेवढ्यानं भागलं नाही तर दुसरी होडी काढून आत शिरायचं आणि शीळ घालत राहायचं. यात हयगय केलेली पळसवाडीत कुणी खपवून घेत नसे.

सोपान भोयाची शीळ चार सुरांची होती. शेवटचा सूर तो वर फेकायचा, ‘येऊ का?’ असं विचारल्यासारखा. त्याची बायको सगुणाबाई काठावरून दोन सुरांत उत्तर द्यायची, वरून खाली उतरणाऱ्या. ‘या.’ बत्तीस वर्षांच्या संसारात त्या दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

एका भाद्रपदात सोपान जाळी काढायला गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. दर्भाचा पुतळा करून सगळं रीतसर झालं, आणि सगुणाबाईनं ते मुकाट्यानं होऊ दिलं. पुढचा चैत्र आला आणि एका संध्याकाळी पाणकणसांतून त्याची शीळ आली. चार सूर, शेवटचा वर फेकलेला.

सगुणाबाई खुळी नव्हती. दडी गातेय हे तिला लगेच कळलं, कारण शिळेच्या आधी दडीची नेहमीची करकर, किरकिर होतीच. पण शीळ कानी पडली की ओ द्यायची, एवढं तिच्या हाडांत मुरलेलं होतं. तिनं ओ दिली. पाणकणसांतून पुन्हा शीळ आली. ती पुन्हा म्हणाली, या. मग दर चैत्रात, दर संध्याकाळी ती काठावर जाऊन बसू लागली.

*

तिच्या लेकीला, वैजयंतीला, यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पुण्याला एका पक्षीसंशोधन संस्थेत ध्वनितंत्रज्ञ होती. दर रविवारी घरी फोन करायची आणि आई फोनवर ‘जेवलीस का’ आणि ‘केस गळायचं थांबलं का’ याच्या पलीकडे जायची नाही. त्यामुळे डॉ. केळुसकरांनी नव्या कामाची माहिती द्यायला तिला खोलीत बोलावलं आणि संगणकावर दोन आवाज लावले, तेव्हा ती निर्धास्त मनानं चहा पीत होती.

“हा जुना. साठ वर्षांपूर्वीच्या टेपवरचा,” केळुसकर म्हणाले. ते वेंगुर्ल्याकडचे होते आणि कधी आवाज चढवत नसत. “आणि हा गेल्या वर्षीचा. शेवट ऐका. ही शेपटी कुठून लागली तेच कळत नाही.”

शेवट ऐकून वैजयंतीनं कप खाली ठेवला.

“हे माझे वडील आहेत,” ती म्हणाली.

केळुसकरांना आधी वाटलं की आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. तिनं सगळं सांगितलं, पाण्यावर नाव न घेण्याची रीत, होडीची वाट, शीळ.  

गाणारा पक्षी गाणं पोटातून घेऊन येत नाही. माणसाचं मूल घरातली बोली उचलतं तसं तो ते ऐकून उचलतो. अंड्यातून निघाल्यावर दोन-अडीच महिने नर पिलाचा कान उघडा असतो. त्या काळात जे ऐकलं ते मेंदूत ठसतं, आणि पुढच्या वसंतात तो त्या ठशाशी ताडून बघत स्वतः गायला लागतो. मग कान मिटतो आणि नवं काही शिरत नाही. आसपास पन्नास नर गात असले तर एखादा भलता आवाज त्यात बुडून जातो. पण फुगवट्याचं निम्मं पाणी एव्हाना सौर पाट्यांनी झाकलं होतं, त्यांच्यासाठी पाणकणसं यंत्रानं कापून काढली होती, आणि दडीचे जेमतेम सात नर उरले होते. गाणं शिकवायला बाप जवळ नाही म्हटल्यावर पिलांनी जो आवाज नेमानं कानावर पडला तो उचलला. सोपान भोयाची होडी रोज संध्याकाळी घरट्यांच्या वाटेनंच परतायची. काठावरची ओ तेवढ्या आत जेमतेम पोचायची. ज्यांनी ती शीळ उचलली त्यांच्याकडून ती त्यांच्या पिलांनी घेतली.

मादीची पारख मात्र जुनीच राहिली होती. अनोळखी शेपटी लागलेलं गाणं ऐकलं की ती दोन घटका थांबायची आणि पुढे निघून जायची. सातातले पाच नर आता शीळ घालत होते. दोन वर्षांत पाच घरटी झाली होती, पुढे तीही होणार नव्हती. दुसऱ्या कुठल्या पाण्यावर दडी उरल्याची कुणालाच खबर नव्हती. नवं काम होतं ते ही शेपटी गाण्यातून काढून टाकायचं.

“तुम्हाला या कामातून मोकळं करू का?” केळुसकरांनी विचारलं.

“नको सर,” वैजयंती म्हणाली. “पुसायचीच असेल तर मी पुसते.”

तिला वाटलं होतं की घरच्या माणसाच्या हातून झालं तर ते जरा कमी क्रूर होईल. असं काही नसतं, हे तिला पुढे कळलं.

*

यंत्राला संस्थेत सगळे स्वरपाळणा म्हणत. सुपारीएवढ्या डब्या होत्या, घरट्याजवळच्या आणि नर ज्या काडीवर बसून गातो त्या काडीच्या आसपास चिकटवायच्या. त्यांची दोन कामं होती. एक, जुन्या टेपवरचं शुद्ध गाणं घरट्यापुरतं, वीतभर जागेत, पिलांना ऐकवायचं. दुसरं काम गाळणीचं. आवाज म्हणजे हवेची लाट. तिच्या नेमकी उलटी लाट त्याच क्षणी सोडली की दोघी एकमेकींना खातात आणि तेवढ्या जागेत शांतता उरते. जो आवाज गाळणीत घालाल तो घरट्यातल्या पिलाला ऐकूच जाणार नाही.

आणि गाणाऱ्या नरालाही नाही. खरी मेख तिथं होती. पक्षी गाताना स्वतःला ऐकत असतो आणि ऐकून ऐकून गाणं जागेवर ठेवतो. स्वतःच्या गाण्याचा शेवट स्वतःच्याच कानी पडेनासा झाला, तर काही आठवड्यांत तो शेवट झिजतो. नवं काही शिकता येत नसलं तरी असलेलं विसरता येतं. चार सुरांचे तीन होतात, तीनाचे दोन, आणि एक दिवस गाणं आपल्या जुन्या जागी येऊन थांबतं.

हे सगळं आईला सांगायचं वैजयंतीच्या जिवावर आलं होतं. पळसवाडीला पोचून दोन दिवस ती डब्या चिकटवत फिरली. सोबत शेजारचे शिदूतात्या होडी घेऊन होते. तिसऱ्या दिवशी आईनंच चुलीपुढे विषय काढला.

“शिदू सांगत हुता. पाखरांचा आवाज दुरुस्त करनार म्हनं.”

“हो. ती शीळ आहे ना आई, त्यामुळं माद्या जवळ येत नाहीत. अशानं दडी संपेल.”

आई भाकरी थापत राहिली. “म्हंजी तुझ्या आबांनी पाखरं नासवली?”

“तसं नाही गं. त्यांना काय ठाऊक?”

“त्यास्नी ठाव न्हवतं, मला बी न्हवतं. तुला ठाव झालं, तवा तू करनारच.” तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. “कर बाई. जितं पाखरू मारून मी काय मिळवनार? पर एक सांग. ती शीळ गेली की मी कुनाला ओ देऊ?”

वैजयंतीनं याची तयारी करून ठेवली होती. तिनं फोनसारखी एक पाटी पुढे केली. तिच्यात आबांची शीळ घातलेली होती, नरांच्या गाण्यांतून उचलून, निवडून, साफ करून, आणि समोरून शीळ आली की उत्तर द्यायचंही तिला शिकवलं होतं. आईनं हात पुसले, ओठ जुळवले आणि ओ दिली. पाटीनं लगेच शीळ घातली. आईनं पुन्हा ओ दिली, पाटीनं पुन्हा घातली. तिसऱ्या वेळेला आई हसली, पण ते हसू बरं नव्हतं.

“ह्ये लई आज्ञाधारक हाय,” ती म्हणाली. “तुझं आबा असं लगी कवा बोलले का? चार येळा शीळ घालावी तवा एकदा उत्तर. कधी मासं गावलं न्हाईत म्हनून रागानं गप बसायचं. ती पाखरं बी तशीच हायती. ह्ये नगं मला.”

पाटी तिनं पदरानं पुसून परत दिली.

वैजयंतीनं मग आईकडून शब्द घेतला. पिल्लं घरट्यात असतील तोवर काठावर जाऊन पाखरांना शीळ घालायची नाही. आई म्हणाली, नाही घालत. त्या रात्री गाळणीत आवाज भरताना वैजयंतीनं आबांची शीळ घातली आणि हात थांबला. आईची शीळही घालायला हवी होती. शहाणपण तेच सांगत होतं. दहा मिनिटांचं काम होतं. पण आई जिवंत आहे, पलीकडच्या खोलीत खोकतेय, आणि आपण तिचा आवाज पुसायच्या आवाजांत टाकतोय, हे काही तिच्यानं झालं नाही. आईनं शब्द दिलाय, ती मनाशी म्हणाली, आणि संगणक मिटला.

*

पुण्यात बसून सगळं छान दिसत होतं. पडद्यावर रोज नरांची तेवढी गाणी उमटत आणि त्यांच्या शेपट्या आखूड होताना दिसत. वैशाख लागता लागता एका नरानं शीळ पुरती टाकली आणि आठवड्याच्या आत एक मादी त्याच्या टप्प्यात आली. ज्येष्ठात सहा घरट्यांत पिल्लं होती. केळुसकरांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला आणि सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. वैजयंती पेढ्यांचा पुडा घेऊन गावी निघाली.

घराला कडी होती. दिवस मावळायला आलेला. काठावर शिदूतात्या एकटेच उकिडवे बसले होते. त्यांनी पेढा हातात घेतला, तोंडात टाकला नाही.

“आई कुठं आहे, तात्या?”

“आत गेलीया.”

“आत म्हणजे?”

तात्यांनी पाणकणसांकडे हनुवटी केली. “पंधरवडा झाला. रोज जाती होडी घिऊन. मी म्हनलं वहिनी, पोरीला शबूद दिलाय न्हवं? तर ऐकंना. म्या तरी काय आडवू? रीतच हाय ती.”

आणि तेवढ्यात, पाणकणसांच्या पार आतून, जिथं घरट्यांची दाटी होती तिथून, आईची शीळ आली. दोन सूर, खाली उतरणारे, म्हातारपणानं जरा कापरे, पण चांगले जोरात. 

होडी काठाला लागली तेव्हा सगुणाबाई घामाघूम झालेली होती. बांबू तिनं तात्यांच्या हाती दिला आणि लेकीकडे पाहिलं.

“आई, तू शब्द दिला होतास.”

“दिला हुता. पाखरास्नी शीळ घालनार न्हाई म्हनलं. न्हाई घातली. तुझ्या आबास्नी घातली.”

“ते तिथं नाहीत आई!”

“म्या कुठं म्हनती हायती?” सगुणाबाईचा आवाज चिरकला. “पर शीळ बारीक हुत चालली वैजे. चारचं तीन झालं. तीनाचं दोन. रोज ऐकती मी, रोज जरा लांबून आल्यागत. पान्यावरलं मानूस लांब चाललं तर काठावरल्यानं काय करायचं असतं? सांग की. तुला बी शिकवलं हुतं मी.”

 वैजयंतीला ते शिकवलं होतं. सहा वर्षांची असताना, याच काठावर, आईच्या मांडीला टेकून. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गावची बाई शीळ विरताना ऐकून घरी बसून रडली असती. पळसवाडीची बाई होडी काढून आत गेली.

घरी येऊन तिनं डब्यांची नोंद उघडली. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. आबांची शीळ एका पिलाच्याही कानी पडली नव्हती. आईची शीळ गाळणीत नव्हती, म्हणून ती यंत्रानं सोडून दिली होती, रोज, प्रत्येक घरट्याजवळ. वैजयंतीनं त्याच घटकेला ती गाळणीत घातली. आता तिचा हात अजिबात अडखळला नाही आणि आता त्याचा काही उपयोगही नव्हता. पंधरा दिवसांत जे ठसायचं असेल ते ठसलं होतं, आणि थोरली पिल्लं घरट्यातून उडालीही होती.

केळुसकर फोनवर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “आईंना काही बोलू नका. पिल्लांनी काय उचललंय ते आज कुणालाच सांगता येणार नाही. ती गायला लागतील तेव्हा कळेल.”

“आणि उचललं असेल तर?”

“तर जुने नर आता म्हातारे आहेत, वैजयंती. जे काही आहे ते या पिल्लांतच आहे.”

आई दाराशी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, “म्हंजी, फुडच्या सालाला ती माझी शीळ घालतील?”

“घालतील कदाचित.”

सगुणाबाईच्या तोंडावर काहीतरी उजळलं. लपवता लपवेना असं. लाजल्यासारखी तिनं मान फिरवली, आणि फिरवता फिरवता पुढचं तिच्या ध्यानात आलं.

“मग माद्या येनार न्हाईत त्यांच्याकडं,” ती हळूच म्हणाली. “माझ्या पायी.”

“आई, तुझ्या पायी नाही. गाळणी माझ्या हातात होती.”

“तुझ्या पायी न्हाई, माझ्या पायी न्हाई, त्यांच्या पायी न्हाई,” आई म्हणाली. “मग मरत्यात कशी गं ती?”

त्यानंतर सगुणाबाईनं शीळ घातली नाही. घातली नाही म्हणजे कशालाच नाही. कुत्र्याला बोलवायलासुद्धा ती टाळ्या वाजवायची. काठावर जायचं तिनं सोडलं. संध्याकाळ झाली की दार लोटून आत बसायची आणि रेडिओ मोठ्यानं लावायची. वैजयंतीनं तिला पुण्याला न्यायचं म्हटलं, ती आली नाही. पौषात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते छातीत उतरलं. वैजयंती पोचली तेव्हा आई शुद्धीवर होती.

“माझ्या मागं कुनी शीळ घातली तर ओ द्यायची,” ती म्हणाली. “इसरायचं न्हाई.”

“कोण घालणार आई आता?”

“कुनीबी घालंल. शीळ कुनाची का आसंना, काठावर मानूस पाहिजे. देशील न्हवं?”

“देईन,” वैजयंती म्हणाली. मरणाऱ्या आईला दुसरं काय सांगणार?

*

चैत्र लागला. वैजयंती गावीच राहिली होती. पहिल्या नरानं तोंड उघडलं ते सकाळी, ती दात घासत असताना. जुन्या टेपवरचं गाणं, सूर न् सूर शुद्ध, साठ वर्षांत कुणी ऐकलं नसेल इतकं शुद्ध. शेवटापर्यंत ते ऐकत ती तशीच उभी राहिली. गाणं संपलं. आणि त्याच्या मागून दोन सूर उतरत आले, जरासे कापरे.

पिलांनी कापरेपणही उचललं होतं. ‘या,’ आई पाणकणसांतून म्हणत होती. वैजयंती तिथेच अंगणात खाली बसली आणि तोंडातला फेस न थुंकता ढसाढसा रडली.

जुन्या नरांतला एकही गायला उरला नव्हता. पाच तरुण नर, पाचही तसेच. माद्या आल्या, थांबल्या, पुढे गेल्या. केळुसकर स्वतः पळसवाडीला आले, घरी भाकरी आणि चिलापी माशाचं कालवण जेवले, काठावर उभे राहून ऐकत राहिले. निघताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “आता दुसऱ्या कुणाला सांगू का करायला?”

“नको सर.”

तिनं डब्या नरांच्या काड्यांना चिकटवल्या. गाळणीत आईची शीळ होतीच. चालू करण्यापुरतं बोट टेकवायचं होतं. तिनं ते शिदूतात्यांच्या होडीत बसून, पाण्याच्या मध्यावर केलं, आणि तात्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

वैशाखात एका नराचा खालचा सूर गळाला. पाठोपाठ दुसऱ्याचा. मग एकाची शेपटी पुरती गेली आणि तिसऱ्याच दिवशी त्याच्याजवळ एक मादी आली. चोचीत पाणकणसाचं तूस घेऊन ती आत शिरताना पडद्यावर दिसली. फोनवर केळुसकरांचा आवाज पुन्हा चढला होता. “दडी वाचली, वैजयंती! ऐकताय ना?” वैजयंती म्हणाली, ऐकतेय. तिला आनंद झाला होता, अगदी खरा, आणि तो कुठं ठेवावा ते तिला कळत नव्हतं.

ज्येष्ठात चार घरट्यांत पिल्लं होती, कान उघडे ठेवून बसलेली. आईची शीळ आता एकाच नराकडे उरली होती. पाणकणसांच्या पश्चिम कडेला बसायचा तो. इतरांसारखीच त्याच्याही काडीला डबी होती, तरी तो हट्टी निघाला होता. पण काल त्याचाही खालचा सूर चांगलाच बारीक ऐकू आला होता.

संध्याकाळी वैजयंती काठावर गेली. शिदूतात्या होते. ती शेजारी बसली. सौर पाट्यांवरचं ऊन उतरलं, पाणी काळसर झालं, आणि पश्चिम कडेहून शीळ आली. दोन सूर. खालचा जेमतेम.

तात्यांनी वैजयंतीकडे पाहिलं. या शिळेला ओ म्हणजे सोपान भोयाची शीळ. चार सूर, शेवटचा वर फेकलेला. अख्ख्या पळसवाडीत ती आता एकट्या वैजयंतीला येत होती.

“ओ दे की गं पोरी,” तात्या म्हणाले. “वहिनी बोलवती.”

“पिल्लं ऐकतील, तात्या.”

“त्या डब्या हायत की ऐकू न द्यायला.”

“गेल्या साली पण होत्या. माझ्या तोंडची शीळ त्यांत भरलेली नाही.”

पुन्हा शीळ आली. आता एकच सूर होता, तोही दुरून आल्यासारखा. रीतीप्रमाणे आता उठायचं होतं, आणखी जोरात घालायची होती, होडी काढून आत शिरायचं होतं. वैजयंतीचे ओठ आपोआप जुळले. छातीत श्वास भरला गेला. तिनं दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं आणि तशीच, डोळ्यांतून पाणी वाहत, पाणकणसांकडे बघत बसली.

तात्या वाट बघत राहिले. पाणकणसांतून मग काहीच आलं नाही.